मृत्यूची नोंद : दुःखाच्या दिवसांत राहून जाणारे काम

आपल्या वस्तीत एखाद्या घरी निधन झाले की काय काय होते ते आपण सर्वजण जाणतो. गावोगावच्या नातेवाइकांना निरोप जातात. कोणी पांढरे वस्त्र आणायला धावतो, कोणी लाकडांची व्यवस्था पाहतो, कोणी बौद्धाचार्यांना घेऊन येतो. स्मशानभूमीत त्रिशरण-पंचशील होते, दोन शब्द बोलले जातात आणि तेथेच उभ्या उभ्या जलदानविधीची तारीख ठरते. दुसऱ्या दिवशी पत्रिका छापायला जाते. मंडप, भांडी, स्वयंपाकी, भंतेजींना आणण्यासाठी गाडी, यातले काहीही राहून जात नाही. कारण प्रत्येक गोष्टीची आठवण ठेवणारा कोणीतरी असतोच. राहून जाते ते एकच काम, आणि ते म्हणजे ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत जाऊन मृत्यूची नोंद करणे.

हे आम्ही दुसऱ्यांना दोष देण्यासाठी लिहीत नाही. ही गोष्ट आम्ही स्वतः शिकलो ती आमच्याच चुकीतून.

आमच्या वस्तीतील एक गृहस्थ शहरात एका ठेकेदाराकडे गवंडीकाम करीत होते. सन २०१७ मध्ये त्यांना कावीळ झाली. शहरात आठ-दहा दिवस काढून ते गावी आले आणि चौथ्या रात्री घरीच गेले. वय चाळिशीच्या आतले. मागे पत्नी, दोन मुली, एक मुलगा. अंत्यविधी झाला, सातव्या दिवशी जलदानविधी झाला. आम्ही सगळे हजर होतो. मृत्यूची नोंद झाली की नाही, हे कोणाच्याही मनात आले नाही.

चार वर्षांनी, म्हणजे २०२१ मध्ये, त्या वहिनींना नवऱ्याच्या जुन्या सोबत्याकडून कळले की ठेकेदाराने भविष्य निर्वाह निधी कापला होता आणि तो वारसाला मिळू शकतो. वहिनी शहरात गेल्या. ठेकेदाराच्या कारकुनाने मृत्यू प्रमाणपत्र मागितले. त्यांनी पिशवीतून पोलीस पाटलांचा दाखला काढून दिला. तो चालला नाही. महापालिकेच्या कार्यालयात गेल्या, तर तेथे सांगितले, "बाई, माणूस गावी गेला, मग नोंद गावीच असणार." गावी ग्रामपंचायतीत विचारले, तर नोंदवहीत नावच नव्हते. "एक वर्ष उलटून गेलं आहे, आता कोर्टाचा हुकूम आणावा लागेल." तेव्हाच्या कायद्याप्रमाणे ते उत्तर बरोबरच होते.

मग पुढचे सगळे आले. नोंद उपलब्ध नसल्याचे प्रमाणपत्र, वकील, प्रतिज्ञापत्र, वर्तमानपत्रातील जाहीर नोटीस, तारखा. न्यायाधीशांसमोर मुख्य प्रश्न होता तो तारखेचा. माणूस अमुक दिवशी मरण पावला याला पुरावा काय? डॉक्टरांचा कागद नव्हता. शेवटी दोन कागद उपयोगी पडले. एक जलदानविधीची छापील पत्रिका, आणि दुसरी आमच्याच संस्थेची पावती. जलदानाच्या दिवशी कुटुंबाने 'कालकथित' अमुक यांच्या पुण्यस्मरणार्थ विहाराला १५१ रुपये दान दिले होते, त्याची स्थळप्रत आमच्या पावतीपुस्तकात तारखेसह होती. पावती लिहिणाऱ्याने न्यायालयात जाऊन साक्ष दिली. २०२२ मध्ये आदेश मिळाला, नोंद झाली, पैसेही मिळाले. पण दरम्यान थोरल्या मुलीचे बारावीनंतरचे शिक्षण थांबले होते ते थांबलेच.

त्या पावतीचे कौतुक पुष्कळांनी केले. आम्हांला मात्र ती पाहून वाईट वाटते. पावती फाडणारा हात आमचा होता, आणि "नोंद केलीत का?" एवढे विचारायला आमच्यापैकी कोणाचेही तोंड उघडले नव्हते. तो सातवा दिवस होता. कायद्याने दिलेले पुढचे चौदा दिवस अजून हातात होते.

म्हणून या स्मरणिकेत हा विषय सविस्तर मांडावा असे ठरले.

जन्म व मृत्यू नोंदणीचा अखिल भारतीय कायदा सन १९६९ चा आहे आणि महाराष्ट्रात तो १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. या कायद्याने प्रत्येक मृत्यूची नोंद सक्तीची केली आहे. गावात ग्रामसेवक, ज्यांना अलीकडे ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, ते निबंधक असतात. शहरात नगरपालिका किंवा महानगरपालिकेचा जन्म-मृत्यू विभाग हे काम पाहतो. मृत्यू झाल्यापासून २१ दिवसांच्या आत खबर दिली तर कोणतेही शुल्क लागत नाही आणि खबर देणाऱ्याला प्रमाणपत्राची पहिली प्रतही विनामूल्य मिळते. जो कोणी या प्रतीसाठी पैसे मागेल त्याला हे नम्रपणे सांगावे.

आता एक प्रश्न येतो. शहरातील आपल्या बांधवांच्या घरी नोंद सहसा चुकत नाही आणि गावाकडे मात्र हमखास चुकते, असे का? शहरातले लोक जास्त जागरूक आहेत म्हणून नव्हे. मुंबई-पुण्यासारख्या ठिकाणी डॉक्टरांचा दाखला दाखवल्याशिवाय स्मशानात अंत्यविधी करू देत नाहीत. तेथे कारकून बसलेला असतो, तो नाव-गाव लिहून घेतो आणि कागद पुढे सरकतो. म्हणजे तेथे एक दार आहे, त्या दारातून गेल्याशिवाय पुढे जाता येत नाही. गावाकडे असे दार नाही. ओढ्याकाठी चिता रचली, अग्नी दिला, आणि सरकारदरबारी तो माणूस जिवंतच राहिला. पुष्कळ गावांत आशाताई किंवा अंगणवाडी सेविका अशी खबर पुढे देतात. पण त्यांच्या भरवशावर राहू नये. घरी मृत्यू झाला तर खबर देण्याची जबाबदारी कुटुंबप्रमुखाची, आणि तो नसेल तर जवळच्या नातेवाइकाची आहे. पतीच्या मृत्यूची खबर पत्नीने स्वतः जाऊन दिली तरी चालते. "बाईमाणसाने कशाला जायचे" म्हणून दिराची किंवा भावाची वाट पाहत दिवस घालवू नयेत.

खबर कोठे द्यायची, यात सर्वांत जास्त घोटाळा होतो. नियम साधा आहे. मृत्यू जेथे घडला तेथे नोंद होते. माणूस कोठला रहिवासी होता याला महत्त्व नाही. गावचा माणूस जिल्ह्याच्या दवाखान्यात गेला तर नोंद त्या शहरात होणार, देह गावी आणून दहन केले तरीही. उलट शहरात तीस वर्षे राहिलेला माणूस गावी जाऊन वारला तर नोंद गावी. वाटेत, चालत्या गाडीत प्राण गेला तर गाडी जेथे प्रथम थांबेल तेथल्या निबंधकाकडे. एस.टी.ने आजारी माणसाला गावी आणण्याची आपल्याकडे पद्धत आहे, म्हणून हे शेवटचेही लक्षात ठेवावे.

दवाखान्यात मृत्यू झाला तर खबर देण्याचे काम दवाखान्याचे आहे, घरच्यांचे नाही. पण म्हणून घरच्यांनी निर्धास्त राहू नये. माणसाला दाखल करताना केसपेपरवर घाईघाईत जे नाव पडते, तेच पुढे मृत्यूच्या नोंदीत उतरते. रात्री दोन वाजता पोटात दुखते म्हणून म्हातारीला नेले, सोबतच्या पुतण्याने नाव सांगितले 'अनसाबाई', आधारकार्डावर आहे 'अनुसया'. वय अंदाजे सांगितले, पत्ता पुतण्याचा दिला. ती बरी होऊन घरी आली असती तर त्या कागदाचे काही बिघडले नसते. ती गेली, आणि मुलांना पुढे दोन वर्षे अनसाबाई व अनुसया एकच हे सिद्ध करत हिंडावे लागले. तेव्हा रुग्णाला दाखल करतानाच आधारकार्ड पाहून नाव लिहून घ्यावे, आणि दुर्दैवाने मृत्यू झाल्यास देह ताब्यात घेण्यापूर्वी दवाखान्याने भरलेला फॉर्म एकदा वाचावा. त्या वेळी वाचणे कठीण जाते हे आम्हांला माहीत आहे. घरच्यांऐवजी सोबत आलेल्या एखाद्या शिकलेल्या मुलाने ते करावे.

या नावाच्या बाबतीत आणखी थोडे सांगितले पाहिजे, कारण आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींत सर्वाधिक तक्रारी नावाच्याच असतात. आपल्याकडे एका माणसाला तीन नावे असतात. आईने ठेवलेले एक, शाळेत मास्तरांनी लिहिलेले दुसरे, आणि वस्तीत हाक मारायचे तिसरे. बाळू हा कागदावर बाळकृष्ण असतो. स्त्रियांच्या बाबतीत माहेरचे नाव, सासरी बदललेले नाव आणि रेशनकार्डावरचे नाव यांचा मेळ क्वचितच बसतो. नोंद करायला जाताना म्हणून मयताचे आधारकार्ड, रेशनकार्ड, बँकेचे पुस्तक, नोकरीचा काही कागद असेल तर तो, असे सगळे समोर ठेवावे आणि ज्या कागदावर पैसे किंवा जमीन अवलंबून आहे त्यावरील नावाशी जुळेल असे पूर्ण नाव द्यावे. आईचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव यांचेही तसेच. चूक झालीच तर ती कायद्याच्या कलम १५ प्रमाणे दुरुस्त होते. मूळ नोंद खोडत नाहीत, समासात दुरुस्ती लिहून सही करतात. पण त्यासाठी पुरावे व माहितगार माणसांचे लेखी निवेदन लागते. आधीच नीट लिहिणे केव्हाही स्वस्त.

मृत्यूच्या खबरीचा जो फॉर्म आहे त्याला नमुना २ म्हणतात. त्याचे दोन भाग आहेत. पहिल्या भागातील माहिती नोंदवहीत जाते व प्रमाणपत्रावर दिसते : नाव, लिंग, मृत्यूची तारीख व ठिकाण, आई-वडील किंवा पती, मृत्यूसमयीचा पत्ता, कायमचा पत्ता. दुसरा भाग केवळ आकडेवारीसाठी आहे. त्यात मयत विडी-सिगारेट ओढत होता काय, तंबाखू किंवा सुपारी खात होता काय, दारू पीत होता काय, आणि असल्यास किती वर्षे, असे विचारलेले असते. मयत स्त्री असेल तर मृत्यू गरोदरपणात, बाळंतपणात किंवा त्यानंतर लगेच झाला काय, हेही विचारतात. हे प्रश्न वाचून घरचे लोक संकोचतात आणि सरसकट 'नाही' लिहून मोकळे होतात. मेलेल्या माणसाची बदनामी कशाला, असा विचार त्यामागे असतो. पण हा भाग प्रमाणपत्रावर येत नाही, तो कोणाला दाखवत नाहीत. या माहितीवरून एखाद्या भागात बाळंतपणात किती बाया दगावतात, तंबाखूने किती माणसे जातात याचे हिशेब मांडले जातात. आपल्या वस्त्यांतून खोटे उत्तर गेले तर आपल्याच वस्त्यांचे दुखणे कागदावर दिसणार नाही. तेव्हा खरे लिहावे.

याच दुसऱ्या भागात धर्माचा रकाना आहे. त्यात हिंदू, मुस्लिम, ख्रिश्चन असे छापलेले पर्याय आणि शेवटी 'अन्य धर्म, नाव लिहा' असे असते. घाईत असलेला लिहिणारा पहिल्या पर्यायावर खूण करून पुढे जातो आणि आपण काही बोलत नाही. कित्येक घरांतून आम्हांला विचारतात की, "बौद्ध लिहिलं तर मुलांच्या जातीच्या सवलतीला धोका नाही ना?" याचे उत्तर स्पष्ट आहे. हा रकाना प्रमाणपत्रावर येत नाही. शिवाय सन १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांचा समावेश अनुसूचित जातींच्या आदेशात झालेला आहे. म्हणून 'अन्य' या ठिकाणी 'बौद्ध' असे निःशंकपणे लिहावे. ज्याने १९५६ साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली, आयुष्यभर पंचशील म्हटले, त्याच्या शेवटच्या कागदावर भलताच धर्म पडणे बरे नव्हे.

मृत्यूच्या कारणाविषयी दोन शब्द. दवाखान्यातील मृत्यूसाठी डॉक्टर नमुना ४ मध्ये कारण प्रमाणित करतात. घरी मृत्यू झाला पण शेवटच्या आजारात डॉक्टरांचे उपचार चालू होते, तर त्या डॉक्टरांनी नमुना ४-अ द्यायचा असतो, आणि त्यासाठी फी घ्यायची नाही असे कायदाच सांगतो. डॉक्टर कोणी नव्हतेच, तरी नोंद अडत नाही. फॉर्ममध्ये 'कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित आहे काय' असा प्रश्न आहे आणि त्याला 'नाही' हेही उत्तर आहे. अपघात, आत्महत्या, सर्पदंश, बुडणे अशा वेळी मात्र पोलिसांना कळवून पंचनामा व शवविच्छेदन होऊ द्यावे. "आता चिरफाड नको" म्हणून परस्पर दहन केले की विमा आणि शासकीय मदत दोन्ही हातची जातात. आणखी एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. निबंधकाकडून मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर मृत्यूचे कारण छापत नाहीत. कायद्याने ते उघड करण्यास मनाई आहे. कोरोनाच्या साथीनंतर २०२१ मध्ये वारसांना ५०,००० रुपयांचे साहाय्य जाहीर झाले तेव्हा लोक प्रमाणपत्र घेऊन धावले, आणि त्यावर कारण नाही हे पाहून गोंधळले. तेथे दवाखान्याचे व तपासणीचे कागद उपयोगी पडले. ज्यांनी ते शोकाच्या भरात फेकून दिले होते त्यांचे हाल झाले. दवाखान्याची फाईल निदान काही वर्षे जपून ठेवावी.

येथे शब्दांचाही एक घोटाळा निस्तरला पाहिजे. डॉक्टरांचा दाखला, स्मशानाची पावती, सरपंचांचा किंवा पोलीस पाटलांचा दाखला आणि निबंधकाचे मृत्यू प्रमाणपत्र, हे सर्व कागद लोकांच्या बोलण्यात 'मयताचा दाखला' असतात. वर सांगितलेल्या वहिनींनी चार वर्षे पोलीस पाटलांचा दाखला प्लास्टिकच्या पिशवीत जपला होता. त्यांना वाटले, काम झाले आहे. ज्यावर नोंदणी क्रमांक व नोंदणीची तारीख आहे आणि निबंधकाची सही आहे, तेवढाच कागद बँकेत, भविष्य निर्वाह निधीच्या कार्यालयात आणि विम्याच्या कचेरीत चालतो. आता नोंदी संगणकावर होत असल्याने तो छापील स्वरूपात मिळतो.

हा कागद कशाकशाला लागतो याची यादी मोठी आहे. कुटुंब निवृत्तिवेतन, बँकेतील ठेव, विमा, ७/१२ वर वारसाची नोंद (तीही तीन महिन्यांच्या आत तलाठी कार्यालयात कळवायची असते), संजय गांधी निराधार योजनेत विधवेचा अर्ज. दारिद्र्यरेषेखालील घरातील १८ ते ५९ वर्षे वयाचा कमावता माणूस गेला तर राष्ट्रीय कुटुंब अर्थसाहाय्य योजनेत एकरकमी २०,००० रुपये मिळतात, त्यालाही. महापालिकेत सफाई कामगार असताना मृत्यू आला तर लाड-पागे समितीच्या शिफारशींप्रमाणे वारसाला नोकरी मिळू शकते. त्या अर्जाला पहिला कागद हाच. आणि तरुण विधवेला पुन्हा संसार मांडायचा असेल तर पहिल्या पतीच्या मृत्यूचा पुरावा तिच्याजवळ असावा, हे कोणी तिला सांगत नाही.

काही घरांत नोंद विसरल्यामुळे नव्हे, मुद्दाम राहते. म्हातारा गेला हे कळले तर रेशन कमी होईल, श्रावणबाळ योजनेचे पैसे बंद होतील, अशी भीती असते. गरिबीत दोन-चार महिने ते पैसे काढले जातात. आम्ही त्या घरांना नावे ठेवीत नाही. परंतु मृत्यूनंतर उचललेली रक्कम वसूल केली जाते, आणि एकदा खोटेपणाचा शिक्का बसला की त्याच घरातील विधवेचा खरा अर्जही संशयाने पाहिला जातो. हा सौदा तोट्याचा आहे.

तान्हे मूल जन्मून तासा-दोन तासांत गेले तर जन्म व मृत्यू अशा दोन्ही नोंदी करायच्या असतात. आपल्याकडे अशा बाळाचे नावच काढत नाहीत.

मुदत उलटली तर काय करावे? २१ दिवसांनंतर पण ३० दिवसांच्या आत गेल्यास निबंधक थोडे विलंबशुल्क घेऊन स्वतःच नोंद करतात. ३० दिवसांनंतर एक वर्षापर्यंत जिल्हा निबंधकाची किंवा त्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. एक वर्षानंतर पूर्वी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात जावे लागे. २०२३ च्या दुरुस्तीने, म्हणजे १ ऑक्टोबर २०२३ पासून, हा अधिकार जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे आला. वकील-न्यायालयाचा फेरा कमी झाला, पण काम सोपे झाले असे समजू नये. २०२५ मध्ये राज्याच्या महसूल विभागाने उशिराच्या नोंदींची पडताळणी बरीच कडक केली. पुरावे मागतात, पोलिसांकडून चौकशी होते. खोटे कागद जोडल्यास गुन्हा दाखल होतो. माणूस खरोखर गेलेला असूनही विधवेला ते सिद्ध करण्यासाठी चकरा माराव्या लागतात. कोणी नुसता बेपत्ता असेल, तर वेगळे. सात वर्षे त्याची काही खबर नसेल तर न्यायालयाकडून मृत्यूचे अनुमान घोषित करून घ्यावे लागते.

आता जुन्या नोंदींकडे वळू, कारण त्यांची गरज आजच्या मुलांना पडते. जातवैधतेसाठी अनुसूचित जातीच्या कुटुंबाकडे १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. आजोबा-पणजोबा शाळेत गेलेले नसतील तर शाळेचा दाखला कोठून आणणार? तेव्हा आधार असतो तो गाव नमुना १४ चा, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यू नोंदवहीचा, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात. ही पुस्तके तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात व अर्ज केल्यास नोंदीची नक्कल मिळते. बरीचशी मोडी लिपीत आहेत, वाचणारा शोधावा लागतो. कागद असा ठिसूळ झालेला असतो की बोट लावायची भीती वाटते.

आम्ही काही मुलांबरोबर ही पुस्तके चाळली आहेत. कारणाच्या रकान्यात ताप, पटकी, देवी असे एकेक शब्द. नावाच्या रकान्यात 'सोम्या बिन धोंड्या', पुढे जात. बाईचे नाव असले तर नवऱ्याच्या नावाआधी 'कोम'. सोमा हा सोम्याच होता असे लिहिणाऱ्याला वाटत होते. आज त्याचा पणतू जातपडताळणीसमोर सांगतो की घरच्या कागदावरचा सोमाजी आणि हा सोम्या एकच. अपमानाने लिहिलेले ते नावच त्याला शिक्षणाच्या दारातून आत नेते. काय म्हणावे याला?

आणि पुष्कळदा ती नोंदही सापडत नाही. गावात कोणीही मेले की परगावच्या नातलगांना मरणाची बातमी पोहोचवण्याचे, सरणासाठी लाकूड वाहण्याचे काम महारांच्या माथी वतन म्हणून होते. पाऊस असो, रात्र असो, जावेच लागे. बाबासाहेबांनी या वतनाविरुद्ध १९२८ मध्ये मुंबई कायदे मंडळात विधेयक मांडले. वतने प्रत्यक्ष संपली ती १९५८ च्या कायद्याने. ज्यांचे पाय साऱ्या गावाच्या मरणाची खबर घेऊन कोसकोस चालले, त्यांच्याच मरणाची खबर शोधताना पानामागून पाने कोरी लागतात, असा आमचा अनुभव आहे. नोंद न सापडल्यास निराश न होता आजोबांच्या भावाची, चुलत्याची, आत्याची नोंद पाहावी. वडिलांकडील रक्ताच्या नात्यातील कागदही वंशावळीसह उपयोगी पडतो. शेजारच्या ज्या गावी कुटुंब काही वर्षे राहिले असेल तेथलेही पुस्तक पाहावे.

संस्थेने २०२२ पासून एक साधी पद्धत ठेवली आहे. जलदानविधीचे दान स्वीकारताना पावतीच्या मागील बाजूस मृत्यूची तारीख, ठिकाण आणि नोंद झाली अथवा नाही एवढे तीन शब्द लिहून घेतो. 'नाही' असे उत्तर आले तर दुसऱ्या दिवशी आमच्यापैकी एकजण त्या घरच्या माणसाबरोबर ग्रामपंचायतीत जातो. बौद्धाचार्यांनाही विनंती केली आहे की स्मशानात जलदानाची तारीख सांगताना नोंदीची शेवटची तारीखही मोठ्याने सांगावी. प्रथम काही लोकांना ते रुचले नाही. चिता पेटलेली असताना सरकारी कामाच्या गोष्टी कशाला, असे एका ज्येष्ठांनी सुनावले. पुढच्याच वर्षी त्यांच्या स्वतःच्या घरी प्रसंग आला तेव्हा तेच बौद्धाचार्यांना म्हणाले, "तारीख सांगा बाबा, विसरू नका."

नमुना २ चे कोरे फॉर्म विहारातील कपाटात वरच्या खणात ठेवले आहेत. दर रविवारी वंदनेनंतर आम्ही तासभर तेथे बसतो. येताना मयताचे आधारकार्ड, खबर देणाऱ्याचे आधारकार्ड आणि दवाखान्याचा असेल तो कागद आणावा. प्रमाणपत्र मिळाल्यावर त्यावर लॅमिनेशन करू नये, आणि मूळ प्रत कोणत्याही कचेरीत देऊन येऊ नये.